खुडूक कोंबडीवर भरवसा ठेवा, पण अंडी निवडून घाला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भोरकडच्या तुमच्या घरी एप्रिलच्या शेवटी एक गावरान कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसायला लागली. तुम्ही तिच्याखाली घरचीच जमवलेली १८ अंडी ठेवली. एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी ४ पिल्लं निघाली, कोंबडी त्यांना घेऊन टोपलीतून उठली आणि परत बसलीच नाही. उरलेली अंडी फोडली तर बरीचशी पाण्यासारखी पातळ, आणि चार-पाचांत पूर्ण वाढलेली पण मेलेली पिल्लं. जी ४ निघाली त्यातलं एक पाण्याच्या घमेल्यात बुडालं, एक कावळ्यानं नेलं, एक नुसतं सुकत गेलं. आता दिवाळीनंतर दुसरी कोंबडी खुडूक झाली आहे, चार दिवस जागची हलत नाही, आणि घरातले म्हणतायत की कोंबडीच्या मागे लागण्यापेक्षा अंडी उबवायचं मशीन घे. घ्यावं का?

या कारणासाठी तर घेऊ नका. तुमच्या कोंबडीनं तिचं काम नीट केलेलं दिसतंय. तीन आठवडे ती बसून राहिली, पिल्लं काढली, पिल्लांमागे गेली. जी अंडी वाया गेली त्यातली बरीचशी तिच्याखाली जायच्या आधीच खराब झालेली असणार, आणि जी पिल्लं गेली ती जमिनीवर आल्यावर गेली. म्हणजे बसण्याच्या आधीचा आठवडा आणि पिल्लं निघाल्यानंतरचे पहिले काही आठवडे, या दोन ठिकाणी तुमचं नुकसान झालंय. या दोन्ही ठिकाणी काम आपलं असतं. मशीन आणलं तरी हेच काम तुम्हाला करावं लागेल, शिवाय आईविना पिल्लं सांभाळावी लागतील ती वेगळीच.

मी पाटण तालुक्यात राहते. गेली बावीस वर्षं दर हिवाळ्यात सात-आठ कोंबड्या अंड्यांवर बसवते. सासूबाई हे काम करायच्या, त्यांच्याकडून मी शिकले. सुरुवातीची दोन-तीन वर्षं माझंही असंच व्हायचं, म्हणून तुमचं वाचताना सगळं डोळ्यासमोर आलं.

आधी थोडं सांगून ठेवते की सगळीकडे एकच गणित चालत नाही. कोंबडी कुठल्या जातीची, ऋतू कुठला, घराभोवती मोकळी जागा किती, मुंगूस-घारीचा त्रास किती, यावर बरंच अवलंबून आहे. लेगहॉर्नसारखी अंड्यांसाठी वाढवलेली कोंबडी सहसा खुडूक होतच नाही, तो गुणच तिच्यातून काढून टाकलेला आहे. गिरिराज, वनराज या सुधारित जातीच्या कोंबड्या क्वचित बसतात. कडकनाथ मध्येच उठून जाते असा माझा अनुभव आहे. साधी गावरान कोंबडी मात्र या कामात पक्की. त्यामुळे कडकनाथाची अंडीसुद्धा आम्ही गावरान कोंबडीखालीच घालतो.

आता अंड्यांचं. मी यावर जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते तुमचं खरं नुकसान इथेच झालंय.

गावरान कोंबडी रोज अंडं देत नाही, साधारण एक दिवसाआड देते. एकाच कोंबडीची १८ अंडी जमवायला महिना लागतो. तुमच्या पहिल्या अंड्याचं वय कोंबडी बसली तेव्हा किती होतं ते आठवून बघा. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीतलं तीन-चार आठवड्यांचं अंडं उबवण्याच्या कामाचं राहत नाही. अंड्यातलं बीज साधारण २१-२२ अंशांच्या खाली झोपलेलं असतं. त्याच्या वर गेलं की हळूहळू जागं होतं. दुपारी ३८ अंश झाले की ते वाढायला लागतं, रात्री गार झालं की थांबतं, परत दुसऱ्या दिवशी तेच. ना धड वाढ, ना धड झोप. आठवडाभरात ते बीज कोंबडीखाली जायच्या आधीच मरतं. वरून अंडं तसंच पांढरं, छान दिसतं. फोडल्यावर पातळ निघतं. वांझ अंडं असेल तरी तीन आठवड्यांच्या उबेनंतर ते तसंच पातळ होतं, त्यामुळे शेवटी फोडून कारण कळत नाही. त्यासाठी मधेच तपासावं लागतं, ते पुढे सांगते.

म्हणून माझा नियम असा आहे: हिवाळ्यात सात दिवसांच्या आतली अंडी, उन्हाळ्यात बसवायचीच वेळ आली तर तीन-चार दिवसांच्या आतली. एका कोंबडीवर तेवढी जमत नाहीत, म्हणून दोन-तीन कोंबड्यांची मिळून घ्या, कमी पडली तर ज्यांच्या कळपात कोंबडा आहे अशा शेजाऱ्यांकडून घ्या. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा असला की पुरतो. कोंबडा नवा आणला असेल तर आठवडाभर थांबून मग अंडी जमवायला लागा.

जमवलेली अंडी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, भाताच्या तुसात किंवा कोंड्यात, टोकदार बाजू खाली करून ठेवा. आमच्याकडे माठाशेजारची जागा त्यासाठी ठरलेली आहे. फ्रिजमध्ये ठेवू नका, ती थंडी बीजाला सोसत नाही. धुऊ तर अजिबात नका. अंड्यावर एक पातळ साय असते, ती गेली की घाण आणि जंतू आत शिरायला वाट मिळते. मळलेलं अंडं खायला घ्या, उबवायला स्वच्छ घ्या. फार लांबुळकं, फार गोल, खरखरीत कवचाचं, केसाएवढी चीर गेलेलं, ही सगळी बाजूला काढा. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टिचकावली की चिरलेलं अंडं बद्द आवाज करतं, कान लगेच ओळखतो.

तुम्ही म्हणाल, कोंबडी आडरानात कुठेतरी लपून अंडी घालते आणि एक दिवस दहा पिल्लं घेऊन अंगणात येते, तिला कोण निवडून देतं? खरं आहे, आमच्याकडेही असं होतं. पण ती जागा निवडते ती सावलीतली, जमिनीलगतची, गारव्याची. तिथे दुसरी कोंबडी येऊन अंडी घालत नाही, कोणी हात लावत नाही. आणि ज्या कोंबड्या अशा गेल्या आणि परत आल्याच नाहीत, त्या आपल्या हिशोबात धरल्या जात नाहीत.

दुसरी गोष्ट, आकडा. दीड किलोच्या गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी नीट मावतात. थंडीच्या दिवसांत मी १० च्या वर जात नाही. पुष्कळांना वाटतं की १८ ठेवली तर वरची सहा वाया जातील, बारा तरी निघतील. तसं होत नाही. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं अंडी फिरवते, मधली कडेला सरकवते, कडेची मधे घेते. म्हणजे आज जे अंडं पिसांबाहेर गार पडलं ते उद्या मधे जातं आणि दुसरं गार पडतं. अशी पाळीपाळीनं सगळीच अंडी मार खातात. जास्तीची सहा अंडी उरलेल्या बारांनाही घेऊन बुडतात.

तिसरी, मिसळ झालेली अंडी. तुमची कोंबडी बाकीच्यांच्या खुराड्यातच बसलेली होती, असं तुम्ही लिहिलंय. अशा जागी ती दाणे खायला उठली की दुसरी कोंबडी येऊन तिथेच अंडं घालून जाते. पाचव्या दिवशी घातलेलं अंडं सव्विसाव्या दिवशी फुटणार. पण पहिली पिल्लं फुटल्यावर दीड-दोन दिवसांत आई त्यांना घेऊन उठते, कारण ती चिवचिवत बाहेर पडायला लागतात. मागे राहिलेल्या अंड्यांत वाढलेली पिल्लं तशीच गार होऊन मरतात. तुम्हाला जी चार-पाच मेलेली दिसली त्यात अशी असणार, बाकीची उशिरा वाढलेली. कोंबडीला दोष देऊ नका. निघालेली पिल्लं जगवायची की न निघालेली, यात ती निघालेलीच निवडते.

यावर उपाय सोपा आहे. बसवतानाच सगळ्या अंड्यांवर पेन्सिलीनं किंवा कोळशानं गोल रेघ ओढा आणि सगळी एकाच वेळी खाली घाला. रोज कोंबडी उठली की बिनरेघेचं अंडं दिसेल ते उचला. आणि कोंबडी वेगळ्या जागी बसवा.

जागा म्हणजे फार काही लागत नाही. जुनी बांबूची पाटी किंवा पसरट टोपली, तळाला दोन बोटं माती, त्यावर चाळलेली राख, त्यावर मऊ पेंढा, मधे थोडा खळगा. मातीमुळे गारवा आणि ओल टिकते, राखेमुळे उवा-पिसवा कमी होतात. टोपली अंधाऱ्या, वाऱ्या-पावसाचा झोत न लागणाऱ्या कोपऱ्यात, जमिनीवरच ठेवा. रात्री वरून डालगं (कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली) झाका आणि त्यावर दगड ठेवा, नाहीतर घूस अंडी पळवते.

कोंबडी खरंच खुडूक झाली आहे का ते आधी बघा. दुपारी बसते आणि संध्याकाळी इतरांबरोबर झोपायला जाते, ती अजून तयार नाही. रात्रभर बसून राहते, हात नेला की पिसं फुलवून घुरघुरते, टोचते, ती तयार. तिच्या पोटाखाली तळहात सरकवून बघा. छातीची पिसं गेलेली असतात, कातडी उघडी पडलेली असते आणि तापलेली लागते. अंड्याला ऊब जाते ती त्या उघड्या कातडीतून. अशा कोंबडीला दिवसा उचलू नका. अंधार पडल्यावर नव्या टोपलीत हलवा, खाली दोन कामाची नसलेली अंडी ठेवा, दोन दिवस तिनं जागा धरली की रात्रीच ती काढून खरी अंडी घाला.

घालण्याआधी तिची पिसं उलटून बघा, पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी. उवा किंवा मोहरीपेक्षा लहान लाल किडे असतील तर आधी राख-मातीत लोळू द्या, राख पिसांत चोळा. किडे झाले की बसलेली कोंबडी तेराव्या-चौदाव्या दिवशी अंडी टाकून उठते, आणि लोक म्हणतात कोंबडी वाईट निघाली.

बसलेल्या काळात ती दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं उठते. तेवढ्यात खाते, पिते, धुळीत लोळते, एकच मोठी घाण वासाची विष्ठा टाकते. टोपलीपासून चार-पाच हातांवर जोंधळा, मका किंवा भात आणि पाणी ठेवा. काही कोंबड्या इतक्या चिकट असतात की उठतच नाहीत, त्यांना मी रोज सकाळी दोन्ही हातांनी हलकेच उचलून बाहेर ठेवते. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते बघायचं, नाहीतर ते पडून बाकीची फुटतात. तिचं वजन या दिवसांत कमी होतं, त्याची काळजी करू नका.

सातव्या किंवा आठव्या रात्री अंडी तपासा. जाड पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडा, खालून मोबाइलचा उजेड, वर अंडं. जिवंत अंड्यात मधे गडद ठिपका आणि त्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा फुटलेल्या दिसतात. सगळं पिवळसर स्वच्छ दिसलं तर ते वांझ आहे किंवा अगदी सुरुवातीलाच गेलंय. लालसर वर्तुळाकार कडा दिसली तर मधे मेलेलं आहे. ही दोन्ही काढून टाका, सडलं की टोपलीतच फुटून बाकीच्यांना घाण लावतं. दहापैकी सात-आठ चांगली दिसली की तुमची जमवणी बरोबर. तीन-चारच दिसली तर कोंबडा, अंड्यांचं वय किंवा ठेवण्याची जागा, यातलं काहीतरी चुकलंय, आणि ते तुम्हाला एकविसाव्या दिवसाऐवजी आठव्यालाच कळतं.

आमच्याकडे म्हातारी माणसं टोपलीत लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवतात, विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. सासूबाई ठेवायच्या, मीही ठेवते. मला यात कळलेली गोष्ट एवढीच की वळवाच्या दिवसांत अंडी बिघडतात ती उन्हानं, दमटपणानं आणि घाबरून उठलेल्या कोंबडीमुळे. म्हणून खिळा ठेवा, पण जागा बंदिस्त आणि शांत हवी हे त्याहून महत्त्वाचं.

अठराव्या दिवसापासून हात लावू नका. विसाव्या दिवशी कान देऊन ऐका. अंड्यातून बारीक चिवचिव येते आणि कोंबडी खालच्या आवाजात, एरवी कधी काढत नाही असा कुकुक-कुकुक आवाज काढून त्याला उत्तर देते. दर वर्षी तो आवाज ऐकायला मी हातातलं काम टाकून जाते. कवचाला पहिला टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. मधे ते थांबतं, विश्रांती घेतं. त्या वेळात त्याच्या पोटात उरलेला बलक आत ओढला जात असतो. आपण कवच सोललं तर रक्त येतं आणि बलक बाहेरच राहतो. बघवत नाही, पण थांबा. त्या बलकावर पिल्लू दोन दिवस न खाता राहतं, म्हणूनच आईला उरलेल्यांसाठी बसून राहता येतं. दाणे दाखवून तिला उठवू नका. बावीसावा दिवस संपेपर्यंत ती टोपलीतच हवी.

आता पिल्लं. पाणी खोल भांड्यात कधीच नको. बशी घ्या, तिच्यात खडे भरा, खड्यांच्या मधलं पाणी पितील. तुमचं एक पिल्लू याच एका गोष्टीनं वाचलं असतं. पहिले काही दिवस तांदळाची कणी, बाजरीचा बारीक भरडा, आणि जमलं तर पिल्लांचं तयार खाद्य. नुसत्या कणीवर पिल्लू जगतं, पण पिसं लवकर भरत नाहीत आणि सुकत जातं. तुमचं तिसरं पिल्लू बहुधा असंच गेलं. आमच्याकडे बांधावरची वाळवी खणून आणतात. आई चोचीत धरून पुढे टाकते, हाक मारते आणि पिल्लं तुटून पडतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना घालू नका, त्यात चुना फार असतो.

पहिले दहा-बारा दिवस आईला दिवसा डालग्याखाली ठेवा, अंगणात, जिथे तुमची नजर पडेल तिथे. पिल्लं डालग्याच्या फटींतून बाहेर येतात, चार हातांवर चरतात, कावळा दिसला की आई एकच खणखणीत आवाज देते आणि सगळी क्षणात फटींतून आत, तिच्या पंखाखाली. आई मोकळी असली की ती लांब लांब फिरते, मागचं अशक्त पिल्लू मागेच राहतं आणि कावळा तेच उचलतो. सकाळी दव असताना बाहेर काढू नका, ऊन अंगणात आल्यावर काढा. ओलं पिल्लू थंडीनं काकडून मरतं. रात्री खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी हवी, मोठ्या जाळीतून घूस आणि मुंगूस दोन्ही हात साधतात. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर रक्ती हगवण लागते, म्हणून आम्ही दिवाळी ते शिमगा एवढ्याच दिवसांत कोंबड्या बसवतो.

लस चुकवू नका. आईखालची पिल्लं चिवट असतात, पण मानमोडीपुढे (राणीखेत रोगापुढे) काही चालत नाही, एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा एकेक थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात मानमोडीची टोचायची लस, त्याच सुमारास देवीची. लसीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवा. बर्फात ठेवून आणा. जनावरांच्या दवाखान्यात विचारलं की तारीख सांगतात.

दीड-दोन महिन्यांनी आई पिल्लांना टोचून हाकलायला लागते. घाबरू नका, ती परत अंड्यावर येण्याची, म्हणजे अंडी द्यायला लागण्याची तयारी असते.

मशीन कधी घ्यावं? महिन्याला शंभराच्या वर पिल्लं विकायची असतील, वीज टिकत असेल, आणि पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे बल्बखाली ऊब द्यायची सोय असेल, तेव्हा जरूर घ्या. मशीन अंडं फोडून देतं. ऊब देणं, दाणा ओळखायला शिकवणं, घार दिसली की ओरडणं ही आईची कामं मग तुमच्यावर येतात. वर्षाला तीस-चाळीस पिल्लं हवी असतील तर तीन कोंबड्या पुरतात. जमलं तर दोघी-तिघींना एकाच रात्री अंडी घाला. पिल्लं कमी निघाली तर एकीकडची रात्रीच्या अंधारात दुसरीच्या पंखाखाली सरकवा. पिल्लं एक-दोन दिवसांची असली की ती सहसा ओळखत नाही, सगळी तिचीच होतात. मोकळी झालेली कोंबडी लवकर अंड्यावर येते.

आता तुमच्या दुसऱ्या कोंबडीचं. चार दिवस झालेत, म्हणजे ती पक्की दिसते, आणि दिवसही चांगले आहेत. आज तिच्याखालची सगळी अंडी काढा, ती किती दिवसांची आहेत हे माहीत नसेल तर टाकून द्या. आज रात्री तिला वेगळ्या टोपलीत हलवा, खाली दोन खोटी अंडी. उद्या-परवा सात दिवसांच्या आतली १० अंडी जमवा, रेघ ओढा, परवा रात्री एकदम घाला आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवा. आठव्या रात्री उजेडात बघून किती जिवंत दिसली ते मला कळवा. पाचपेक्षा कमी असली तर अंडी कुठून आणली आणि कुठे ठेवली होती तेही लिहा, तिथून पुढचं बघू.